कधीपासून?

सोमवार, रात्री

आत्याच्या दरबारात सध्या मी आरोपी आहे. ऑक्टोबरात तिच्या लॅपटॉपवर विंडोज ११ मी घातलं आणि आता तो लॅपटॉप हलायला तयार नाही. "छान चाललं होतं. तू हात लावलास आणि बसलं." सदाशिव पेठेत यावर अपील नसतं.

हात लावायला कारण होतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, हे आत्याला आता कुठून तरी कळलंय आणि तेही माझ्या खात्यावर जमा झालंय. पण लॅपटॉप आठव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. विंडोज ११ साधारण तिथूनच आत घेतं. विंडोज ११ मागतं ती टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे, रॅम ८ जीबी आहे, एसएसडी आहे. थांबायचं कशाला?

आत्या बहात्तर वर्षांची आहे. खिळे जुळवायच्या काळातल्या छापखान्यात बसून तिने मुद्रितं तपासली आहेत आणि आता घरी बसून पुस्तकांची पानं लावते. सध्या हातात आहे ते पुस्तक नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्यावर आणि पेठांमधल्या हौदांवर. फोटो भरपूर. बारा प्रकरणं, प्रत्येकाची वेगळी पीडीएफ काढून लेखकाला पाठवायची. एक पीडीएफ निघेपर्यंत वरणभाताचा कुकर होतो म्हणाली.

ऑफिसातून परस्पर तिच्याकडे गेलो. आज सम तारीख की विषम, या हिशेबात दोन गल्ल्या फिरून गाडी शेवटी टिळक रोडला लावली.

अपग्रेडनंतर मशीन थोडे दिवस जड चालतं, ते खरं आहे. शोधासाठीची सूची नव्याने बांधली जाते, अँटिव्हायरस सगळं पुन्हा चाळतो, क्लाउडवाले फोल्डर जुळवत बसतात. पण हे दोनेक दिवसांत आटोपतं. इथे महिना उलटून गेला. जुन्या विंडोजची प्रत ठेवलेलं फोल्डर दहा दिवसांनी आपोआप जातं, तेही गेलेलं. डिस्कवर जागा आहे. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने एसएसडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. चालू होताना आपोआप उघडणारी दोन-तीन बांडगुळं बंद केली, फरक शून्य. रॅमवर ताण नाही, डिस्कवर ताण नाही.

मग टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर नजर गेली. वेग ०.७८ गिगाहर्ट्झ. खाली बेस स्पीड १.६०. निवांत बसलेला प्रोसेसर वेग उतरवतोच, त्यात नवल नाही. म्हणून एका प्रकरणाची पीडीएफ काढायला लावली. आता आकडा उसळून तीनच्या आसपास जायला हवा. हा ०.७८ वर ठाण मांडून. पॉवर मोड बदलला, रीस्टार्ट केला, तरी ०.७८.

म्हणजे प्रोसेसर बिघडलेला नाही, त्याला कुणीतरी दाबून धरलंय. पहिला संशय उष्णतेचा येतो. पंख्यात धूळ अडकते, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःच्या जिवासाठी मंद होतो. तापमान बघितलं तर ४४ अंश. पंखा तर फिरतच नव्हता. आत्या म्हणाली, "तेवढं एक बरं झालंय तुझ्या अपग्रेडनं. पूर्वी किती घोंघावायचा."

मंगळवार

रीस्टार्ट करायला सांगितलं की आत्या दुखावते. "मी रोज रात्री बंद करते की." टास्क मॅनेजर मात्र म्हणत होता की मशीन कित्येक दिवस चालू आहे. दोघंही खरं बोलतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन केलं तरी फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. शिवाय आत्याचं 'बंद करणं' म्हणजे झाकण मिटणं, हेही काल लक्षात आलं.

आज दिवसभर डोक्यात तेच. अपग्रेडमध्ये उष्णता आणि वीज सांभाळणारे ड्रायव्हरही बदलतात, त्यामुळे माझ्यावरचा आरोप अगदीच हवेतला नाही. आणि तो खरा निघाला तर कठीण आहे. जुन्या विंडोजवर परतायची मुदत दहाच दिवस असते, ती केव्हाच गेली. मग सगळं पुसून नव्याने घालायचं. आत्याचे जुने फॉन्ट, तिच्या बोटांना बसलेला कीबोर्ड, पानांचे साचे. नको रे बाबा.

बुधवार, रात्री

आज मशीनला हात न लावता फक्त विचारलं, "कधीपासून मंद झालंय?"

"तू केलंस तेव्हापासून."

"नक्की? दुसऱ्याच दिवसापासून?"

"तेव्हापासूनच म्हणजे तेव्हापासूनच."

मी ऑफिसात सपोर्टचं काम करतो. हा प्रश्न रोज विचारतो आणि उत्तरात तारीख मिळत नाही, गोष्ट मिळते. त्यांच्या मशीनवर आमचा माणूस येऊन गेला त्या दिवसापासून, नवीन साहेब आले त्या दिवसापासून. खोटं कुणी बोलत नाही. लक्षात राहण्याजोगं जे घडलं त्याला त्रास नेऊन चिकटवतात, एवढंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि फांदी आधीच पोखरली होती का हे बघायला झाडावर कोण चढतंय!

पण तारीख कुठेतरी लिहिलेली असतेच. आत्याचं काम शिस्तीचं आहे, प्रत्येक वाचनाच्या पीडीएफ वेगळ्या फोल्डरात. पहिल्या प्रुफाचं फोल्डर उघडून फाइल वेळेनुसार लावल्या. १७ आणि १८ ऑक्टोबर, म्हणजे विंडोज ११ घातल्यानंतरच्या. एकामागून एक काढलेल्या, दोन फाइलींत अंतर चार मिनिटं, कुठे पाच. दुसऱ्या प्रुफाचं फोल्डर उघडलं. २७ ऑक्टोबर. तीच प्रकरणं, तेच फोटो, अंतर सतरा मिनिटं, अठरा, सतरा.

आत्याला दाखवलं. तिने चष्मा बदलून दोन्ही फोल्डर पाहिली. मुद्रितशोधक बाई आहे, आकडा छापलेला असला की मानते. "म्हणजे अठराला चांगलं होतं," एवढं म्हणाली. निर्दोष सुटलो असं नाही, पण जामीन मिळाला.

१८ आणि २७ च्या मध्ये काय झालं? "दिवाळी झाली, दुसरं काय व्हायचंय?" अपडेटची यादी चाळली, तिथे काही हाती लागलं नाही. लॅपटॉप पडला का, पाणी सांडलं का? नाही. पाडव्याला कुणी हातही लावला नाही. भाऊबीजेला, २३ तारखेला, सगळे इथे जमलो होतो. दादा बंगळुरूहून आला होता, बाकीचीही भावंडं. जेवणं झाल्यावर दिवाणखान्यात जितकी माणसं तितके लॅपटॉप, आणि एका एक्स्टेन्शन बोर्डावर सगळ्यांच्या वायरी. हे मला आठवतंय, कारण त्या वायरींत पाय अडकून माझ्या हातातली बासुंदीची वाटी जाता जाता वाचली होती.

तिथवर विचार आला आणि थांबला. घरी निघालो.

गुरुवार

आज घरून काम होतं, ते घर आत्याचं धरलं. सकाळी साडेदहाला वीज गेली. गुरुवार आहे, जाणारच. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीची कामं काढतात, कधी वीज, कधी पाणी, आणि नशीब जोरावर असेल तर दोन्ही. आत्या सवयीने लॅपटॉप मिटायला उठली. बॅटरी जुनी आहे म्हणून वीज गेली की आत्या काम करतच नाही. सहाव्या प्रकरणाची पीडीएफ अर्ध्यावर होती, म्हणून मी म्हटलं राहू दे.

आणि ती हिरवी पट्टी सरसर पुढे सरकली.

टास्क मॅनेजर उघडला. २.६ गिगाहर्ट्झ. थोड्या वेळात पंखाही घोंघावायला लागला. बॅटरीवर पळतो आणि चार्जर लावला की बसतो, असं हे प्रकरण. नेहमी याच्या उलट असतं, बॅटरी वाचवायला मशीन हळू चालतं. बाराच्या सुमारास वीज आली, पिन आत घातली, आकडा धाडकन ०.७८. काढली, वर. घातली, खाली. आत्या दारात उभी राहून बघत होती. "अरे, हे तर बटणासारखं चालतंय."

चार्जर उचलून पाहिला. काळा, बिननावाचा, मागे १९.५ व्होल्ट आणि खाली पुसट झालेली अक्षरं. लॅपटॉपच्या कंपनीचं चिन्ह कुठेच नाही. तिचा मूळ चार्जर असा नव्हता, त्याच्या वायरीला तिने निळा दोरा बांधला होता. बॅटरीचा आकडाही तेव्हा नीट पाहिला. प्लग लावलेला, तरी ५४ टक्के आणि चार्ज होत नाही. आत्या म्हणाली तो किती दिवस वर जातच नाहीये. तिला वाटलं नवीन विंडोज बॅटरी जपत असेल. तसं जपणारी सोय काही लॅपटॉपांत खरोखरच असते, त्यामुळे तिचं चुकलं असंही नाही.

रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, गेलो. अडॅप्टरच्या ओळीत लिहिलं होतं: अनोळखी. अनोळखी चार्जर लागला की सुरू होताना इशारा देण्याची सोयही तिथे आहे. ती बंद. लॅपटॉप आत्याने जुना घेतला होता, आधीच्या मालकाने बंद केली असणार.

यात घडतं ते असं. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. वीज बाहेरच्या कड्यांतून जाते, सुईतून जाते ती ओळख. चार्जरमध्ये एक चिमुकली चिप असते, ती सांगते की मी अमुक वॉटचा आहे. पिन बसली पण चिप बोलली नाही, तर हा चार्जर किती भार झेपवेल हे लॅपटॉपला कळत नाही. मग तो धोका पत्करत नाही. बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरला तळाच्या वेगावर बसवतो. त्यासाठी जी तार ओढली जाते तिचं नाव बीडी प्रोचॉट, म्हणजे प्रोसेसर तापल्याचा इशारा. हा इशारा प्रोसेसरच देतो असं नाही, बोर्डावरचा दुसरा कुणीही देऊ शकतो. म्हणून तापमान ४४ आणि तरी तापल्याची बोंब. विंडोज बिचारं यात कुठेच नाही. ते १० असतं तरी हेच झालं असतं.

हा इशारा धुडकावून लावणारं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एका टिचकीचं काम. ते मी केलं नाही. चार्जर किती वॉटचा ते पुसलेलं, वायरिंग या इमारतीइतकंच जुनं, आणि बाजूला कागदाचे गठ्ठे. ज्या गोष्टीने मशीन सावध झालंय तिला गप्प करून पीडीएफ लवकर काढण्यात शहाणपण नाही.

आत्याला एवढं सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं. "पिन बसते ना? मग?"

बसते हाच तर घोटाळा आहे. बसली नसती तर भाऊबीजेच्या रात्रीच कळलं असतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, बघतो. मग बॅग उपसल्याचे आवाज. "अरे, माझ्याकडे दोन आहेत. एकाला निळा दोरा आहे." उद्या कुरिअर करतोय. तोवर आत्याने अनोळखी चार्जर काढून कपाटात ठेवला आणि उरलेल्या ५४ टक्क्यांत बसतील तेवढ्या पीडीएफ काढल्या. चार निघाल्या.

रविवार

निळ्या दोऱ्याचा चार्जर काल संध्याकाळी आला. बायोसमध्ये ६५ वॉट असं स्वच्छ लिहून आलं. बॅटरी चढायला लागली, पीडीएफ निघताना वेग २.९, कधी ३.१. बाकी राहिलेली प्रकरणं आत्याने आज सकाळी जेवणाआधी लेखकाला पाठवून टाकली. चार्जर ओळखला नाही तर सांगायची सोय मी बायोसमध्ये चालू करून दिली आणि तो संदेश दिसला तर कळ दाबून पुढे न जाता मला फोन करायचा, असं ठरलं.

आरोपातून सुटलो का, ते विचारलं. आत्या म्हणाली, "अपग्रेड केलंस तेव्हाच ती सोय चालू केली असतीस तर?" यावर मी अजून उत्तर शोधतोय. पंख्याचा आवाज परत आल्याबद्दलही बोलून झालं.

काळ्या चार्जरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. दादाचा स्वतःचा त्याच्याकडे आहे. धाकटीने तिचा तिच्याजवळ असल्याचा फोटो पाठवला. मामांनी हात जोडलेले आहेत, म्हणजे बहुधा त्यांना प्रश्न कळलेला नाही. भाऊबीजेला आलेल्यांपैकी एकही जण तो आपला म्हणायला तयार नाही, आणि प्रत्येकाच्या घरी चार्जर मात्र आहे.