तुम्ही विचारलंत म्हणून: बातम्या न देता गावची खबर कशी सांगायची

शनिवार-रविवारच्या रेडिओगप्पा ऐकणारं कुणी भेटलं की एक प्रश्न हटकून येतो. "सामुदायिक रेडिओला बातम्या द्यायची परवानगी नाही म्हणे. मग एवढा वेळ तुम्ही गावाबद्दल बोलता ते काय असतं?" सातारा-सांगलीकडं हा प्रश्न जास्तच विचारला जातो. सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 पासून लोकांच्या कानावर आहे. त्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी अशी गावपातळीवरची केंद्रंही आली. त्यामुळं रेडिओवर काय चालतं नि काय चालत नाही, याबद्दल लोकांचं आपापलं मत असतं.

आधी नियम. केंद्र सरकारच्या 2006 च्या धोरणानं सामाजिक संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ केंद्र काढता यायला लागलं. प्रक्षेपणाची ताकद 100 वॉट, मनोरा 30 मीटरपर्यंत, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले हवेत. आवाज साधारण 10 ते 15 किलोमीटर जातो. मध्ये डोंगर आला की माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत खडखडीत ऐकू येतं आणि पलीकडच्या वाडीत नुसती खरखर. बातम्या आणि चालू घडामोडी स्वतः तयार करून द्यायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र काटछाट न करता जशाच्या तशा लावता येतात. पण त्याच नियमांत काय बातमी धरायचं नाही तेही लिहिलंय: यात्रा-उत्सव, खेळांचे सामने, हवामान, रहदारी, परीक्षा नि प्रवेश, नोकरीच्या जागा, वीज-पाण्याच्या सूचना, आणि प्रशासनाकडून आलेले आपत्तीचे व आरोग्याचे इशारे. पारावर बसलेला माणूस ज्याची चौकशी करतो, त्यातलं बहुतेक सगळं या यादीत बसतं. बाहेर राहतं ते राजकारण, आणि ते बाहेर राहिलेलंच बरं. आचारसंहिता लागली की इच्छुक उमेदवाराला यात्रेच्या नियोजनावर बोलायलासुद्धा बोलवायचं नाही.

खरं कसब लागतं ते सांगण्याच्या पद्धतीत. ज्याच्या बाबतीत घडतंय त्यानं सांगायचं, आणि आकडा, ठिकाण, वेळ यांच्यासकट सांगायचं. "गावात तीव्र पाणीटंचाई आहे" या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा पाणी भरणाऱ्या बाईंना विचारा: टँकर किती दिवसांआड येतो? किती वाजता? तुमच्या वाट्याला घागरी किती? घागर किती लिटरची? घरात माणसं किती, जनावरं किती? पाच प्रश्नांत सगळा हिशेब हवेत उभा राहतो आणि कुणावर आरोप करायची वेळच येत नाही. मग त्याच भागात ग्रामसेवकांना घ्यायचं, आणि आधी त्यांना बाईंचं बोलणं ऐकवायचं. न ऐकवता थेट प्रश्न टाकला की ते योजनेचं नाव नि मंजूर रक्कम सांगतात. ऐकवलं की टँकरच्या फेऱ्यांवर बोलतात.

प्रश्न 'का'नं संपला की उत्तर 'हो'वर संपतं. "ऊस गेला का?" "हो, गेला." पुढं काय बोलणार? "टोळी कधी आली, आणि नोंदीच्या तारखेपेक्षा किती दिवस उशिरा?" असं विचारलं की माणूस सुटतो. नवराबायको शेजारी बसली असतील तर बाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्यांचे मालक देतात. बाईंचं बोलणं वेगळं ध्वनिमुद्रित करायचं, मालकांना हातात चहा देऊन ओसरीवर बसवायचं.

बाजारभावाला फार वेळ देऊ नये, पण चुकवूही नये. हळदीचा भाव क्विंटलवर, बेदाण्याचा किलोवर. हे मोजमाप दरवेळी उच्चारायचं. नुसता सर्वांत जास्त भाव सांगितला की घोटाळा होतो. एखाद्या उत्तम राजापुरी हळदीच्या कलमाला, म्हणजे सौद्यातल्या एका ढिगाला, मिळालेला दर सगळ्यांचाच दर वाटतो आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी हिरमुसून परततो. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि बहुतेक माल कुठल्या भावानं गेला, हे तिन्ही आकडे द्यायचे, सौद्याच्या तारखेसकट.

तारखेवरून पुराकडं येऊ. कृष्णाकाठच्या माणसाला पाणी फुटात कळतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी; 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. कितव्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरतं हे पूरपट्ट्यातल्या घरांना पाठ असतं. त्यामुळं "पाणी वाढतंय, सतर्क राहा" असं घाबऱ्या आवाजात सांगून उपयोग नाही. "सकाळी आठ वाजता आयर्विनजवळ 38 फूट 6 इंच, पहाटे पाचपासून 5 इंच वाढ" अशा धाटणीचं एक वाक्य पुरतं. माहिती प्रशासनाची, वेळ मोजणीची. हे वाक्य सावकाश दोनदा वाचायचं, कारण पहिल्यांदा ऐकू येतं तेव्हा लोक "गप्प बसा, रेडिओ ऐकू द्या" असं घरच्यांना सांगत असतात.

धरणाचे आकडे आणखी फसवे. "कोयनेतून विसर्ग वाढवला" हे अर्धंच वाक्य झालं. किती होता, किती केला, किती वाजल्यापासून? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. साडेअकरा हजार क्युसेक पाणी 24 तास सुटलं की साधारण 1 टीएमसी होतं. मग 50 हजार क्युसेकनं दिवसभरात सव्वाचार टीएमसी जाईल आणि कोयना धरण 105 टीएमसीचं आहे, एवढं एकदा उलगडून सांगितलं की श्रोत्याला पुढच्या आठवड्यात आपलं आपण गणित मांडता येतं. पावसाळ्याच्या तोंडाशी, जूनच्या पहिल्या रविवारी, दहा मिनिटं यालाच द्यावीत. पूर आल्यावर कुणाचं डोकं गणितात नसतं.

इथंच सगळ्यांत धोक्याची चूक होते. शनिवारी संध्याकाळचा कार्यक्रम रविवारी सकाळी परत लागतो, आणि त्यात कालची पाणीपातळी वाजते. ऐकणाऱ्याला पुनःप्रसारण आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून शिळं होणारं काहीही, म्हणजे पातळी, भाव, पाण्याची पाळी, बसचा बदललेला मार्ग, मुख्य गप्पांच्या फाइलमध्ये घालायचंच नाही. 30 मिनिटांच्या कार्यक्रमात दोन ठिकाणी दोन-दोन मिनिटांची मोकळी जागा सोडायची. ती त्या-त्या वेळी थेट बोलून भरायची. बोलायला माणूस नसेल तर तिथं गाणं लागू दे. जुना आकडा नको. गप्पांतही "आज", "उद्या" टाळून वार नि तारीख म्हणायची.

आता ध्वनिमुद्रणाचं. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका, म्हणजे 'फ' आणि 'भ'चा फुत्कार थेट आत जात नाही. पाहुण्याचा आणि आपला मोबाइल विमान मोडवर. नुसता शांत ठेवला तर फोन येण्याआधीची टर्र-टर्र आवाजात उतरते नि निघत नाही. पंखा बंद, फ्रीजचं बटण बंद, आणि निघताना ते परत चालू करायची आठवण म्हणून आपल्या गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवायची. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. त्यावर माणदेशात उत्तम उपाय घराघरात आहे: घोंगडी. दोन घोंगड्या पाहुण्याच्या पाठीमागं दोरीवर टाकल्या आणि एक टेबलावर अंथरली की घुमारा बराच खाली येतो. बोलणं संपलं की सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीची 30 सेकंदांची शांतता मुद्रित करायची. संपादनात वाक्य कापलं की तिथं ही शांतता लावतात. नाहीतर कापलेली जागा कानाला खड्ड्यासारखी लागते. मुलाखत घेणाऱ्यानं "हं, हं, बरोबर" म्हणत राहायचं नाही, मान हलवायची. पाहुण्याच्या वाक्यावर पडलेला आपला हुंकार कुठल्याही यंत्रानं धड निघत नाही.

बोली दुरुस्त करायची नाही. "न्हाई", "लई", "आमच्याकडं" जसं येतं तसं राहू दे. जतच्या सीमेवर पाहुणा मध्येच कन्नडमध्ये शिरला तर दोन-तीन वाक्यं पूर्ण ऐकू द्यायची, मग मराठीत सार सांगायचं. त्याच्या आवाजावर मराठी आवाज चढवला की दोन्ही भाषांचे श्रोते दुरावतात.

गाणं-बजावणं हे या कार्यक्रमाचं काळीज, आणि तिथं घाई अजिबात चालत नाही. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. जाळावर कातडं ताणून आवाज टणकारायला लागेपर्यंत थांबायचं, आणि आवाज उतरला की वादकाला परत शेकू द्यायचं. गजीनृत्याचा, म्हणजे धनगरांच्या नाचाचा, ढोल माइकजवळ घेतला तर आवाज फाटतो. दहा-बारा फूट मागं सरायचं, माइक डोक्याच्या उंचीवर धरायचा, ध्वनिमुद्रणाची पातळी बरीच खाली ठेवायची. ओव्यांचं वेगळंच. म्हाताऱ्या बायकांना खुर्चीत बसवून "आजी, ओवी म्हणा" म्हटलं की दोन ओळींवर त्या अडतात. जातं फिरायला लागलं की शब्द हाताबरोबर येतात. म्हणून जात्यापाशीच जायचं, मूठभर ज्वारी न्यायची, आणि घरघर थोडी आली तर येऊ द्यायची. ती ओवीचाच भाग आहे. पहिली दहा मिनिटं काही विचारू नये. दळण संपल्यावर, हात झाडताना, "ही कुणाकडनं शिकलात?" एवढंच विचारावं.

प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं नियमानंच बंधनकारक आहे. त्यानंतर जागा कमी पडते म्हणून पुसलं जातं, आणि भाव नि सूचना पुसल्या तरी काही बिघडत नाही. ओव्या, हलगी, विहीर खणल्याची हकिगत, जुन्या दुष्काळात जनावरं कुठं नेली त्याचं बोलणं मात्र मूळ फाइलसकट ठेवायचं. फाइलच्या नावात आधी गाव, मग विषय, मग तारीख. 'नवीन फाइल 7' असं नाव असलेली ओवी हरवल्यातच जमा. म्हणणाऱ्या बाईंचं नाव आणि त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात, ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला. प्रती दोन. कृष्णाकाठी केंद्र असेल तर दुसरी प्रत 2019 च्या पुराच्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंचावर असलेल्या घरात.