नटक्रॅकरची चित्रपुस्तकं: यंदाच्या हंगामाची नोंद

'नटक्रॅकर' म्हणजे ख्रिसमसच्या रात्रीची, अक्रोड फोडणाऱ्या लाकडी बाहुल्याची आणि एका मुलीची गोष्ट, आणि तिच्यावरचा बॅले (नृत्यनाट्य). तिच्या चित्रपुस्तकांचा माझा संग्रह २३ वर पोचला. नोव्हेंबरपासून तीन नवी आली. त्यातलं एक पॉप-अप (पान उघडलं की चित्र उभं राहतं ते), जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मिळालेलं, आतलं ख्रिसमसचं झाड मोडलेलं. त्याच्याबद्दल शेवटी लिहिते.

यंदा ठरवलं होतं की नुसती जमवायची नाहीत, सगळी लेकीला मराठीत वाचून दाखवायची. ती पाच वर्षांची आहे आणि डिसेंबरात न्यूयॉर्क सिटी बॅलेचा प्रयोग पहिल्यांदा बघणार होती. इंग्रजी पान समोर धरून मराठीत सांगायला लागलं की पुस्तकाचा कस लागतो. चित्र भक्कम असेल तर आपले शब्द कसेही आले तरी गोष्ट चालते.

पहिला प्रश्न नटक्रॅकरच्या मराठी नावाचा. तो सोडवला सांगलीच्या आजीने. व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "आजी, एक बाहुला आहे, तो दातांनी अक्रोड फोडतो." आजी उठल्या, पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता घेऊन आल्या आणि कॅमेऱ्यासमोर उघडझाप करून दाखवला. तेव्हापासून आमच्या घरात तो अडकित्तेराजा. उंदरांच्या राजाचं तर काही समजवावंच लागलं नाही. सात शेपट्यांचा उंदीर माहीत असलेल्या मुलीला सात तोंडांचा उंदीर लगेच पटतो. जर्मन लेखक हॉफमनच्या १८१६ सालच्या मूळ कथेत त्याला सात मुंडकी आहेत. बॅलेवरून काढलेल्या बऱ्याच पुस्तकांत एकच असतं आणि लेक प्रत्येक वेळी उरलेली सहा कुठे गेली ते विचारते. माझ्या २३ पैकी नऊ पुस्तकांत सातही आहेत.

शुगर प्लम फेअरीपाशी, म्हणजे बॅलेतल्या मिठाईच्या देशाच्या परीपाशी, मात्र मी अडले. दोन दिवस 'आलुबुखाऱ्याची परी' म्हणून वाचलं, पण लेकीला काही केल्या ती आवडेना. मग वाचन केल्यावर कळलं की शुगर प्लममध्ये प्लम असायलाच हवं असं नाही. बी किंवा बदामावर साखरेचा पाक थरावर थर चढवून केलेली ती गोळी. म्हणजे आपला संक्रांतीचा हलवा! आई मंद शेगडीवर परात ठेवून तिळावर चमचाभर पाक सोडायची आणि बोटांनी फिरवत राहायची. तासन् तास. पांढरा काटा फुटला की आम्हाला हाक मारायची. हे सांगितल्यावर लेकीने हलव्याच्या परीचं चित्र काढलं: मुकुट, हार, बाजूबंद, सगळं हलव्याच्या दागिन्यांचं. आता तिच्या नाचातले चेलेस्टाचे (घंटांसारख्या वाजणाऱ्या, पियानोसारख्या वाद्याचे) ते टिणटिण सूर लागले की मला काटा फुटतानाचीच परात दिसते.

आता झाडाचं पान, म्हणजे रात्री ख्रिसमसचं झाड वाढत वाढत प्रचंड होतं ते. माझ्या मते याच पानावर पुस्तकाची परीक्षा होते. बॅलेचा आराखडा करणाऱ्या पेतिपाने संगीतकार चायकोव्हस्कीला झाड वाढण्यासाठी ४८ बारांचं (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), चढत जाणारं संगीत मागितलं होतं. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर एक टन वजनाचं झाड १२ फुटांवरून ४१ फुटांवर जातं. चित्रकाराच्या हातात असतं फक्त एक पान उलटणं. बहुतेक जण झाड उंच काढतात आणि मुलगी छोटी काढतात. तेवढ्याने भागत नाही. माझ्याकडच्या एका पुस्तकात आधीच्या पानावर मुलीच्या तळहातावर काचेचं लाल सफरचंद आहे, फांदीला टांगण्याआधी धरलेलं. पान उलटलं की तेच सफरचंद पानभर, आणि त्याच्या चकाकीत तिचं एवढंसं प्रतिबिंब. झाड दिसतच नाही. इथे मी वाचायचं थांबते. लेक दर वेळी मागचं पान उघडून खात्री करून घेते.

अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडाकने चित्रं काढलेलं १९८४ चं पुस्तक अजून तिच्यासाठी नाही. सिएटलच्या प्रयोगासाठी १९८३ मध्ये त्याने केलेल्या नेपथ्यातून ते उगवलं. त्यात हॉफमनची पूर्ण कथा आहे, कठीण अक्रोडाच्या उपकथेसकट. वाचून दाखवणाऱ्याने ते स्वतः आधी वाचावंच. राजपुत्राचा लाकडी बाहुला का झाला, हे त्या उपकथेत आहे; बॅले ते सांगत नाही आणि मुलं पहिल्यांदा तेच विचारतात.

प्रयोगाला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: नायिकेचं नाव आधी बघून ठेवा. हॉफमनकडे मुलगी मारी आणि क्लारा तिची बाहुली. आम्ही पाहिलेल्या न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या, नृत्यदिग्दर्शक बॅलनशीनने बसवलेल्या प्रयोगात ती मारीच आहे. माझी बहुतेक पुस्तकं क्लाराची. मध्यंतरापर्यंत लेक क्लाराची वाट बघत होती.

पॉप-अपची प्रगती: कुणीतरी लावलेली पिवळी चिकटपट्टी हेअर ड्रायरच्या ऊबेने सोडवली. मग गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि जपानी कागदाची पट्टी, आणि वर दोन शब्दकोशांचं वजन. काल रात्री उघडून पाहिलं. झाड उठतं, पण शेंडा अर्ध्यावर अडतो. मागची पट्टी दोनएक मिलिमीटर लांब झाली आहे. रविवारी ती सोडवून पुन्हा लावते.