चवथीला येऊन मोज

२ मार्च २०११. महाशिवरात्र असल्यामुळे शाळेला सुट्टी होती, आम्हां प्रगणकांना नव्हती. उपाशीपोटी, खांद्याला जनगणनेची पिशवी अडकवून मी वरच्या वाड्याची चढण चढत होते. फेब्रुवारीच्या ९ ते २८ तारखांमध्ये माणसं मोजून झाली होती. आता १ ते ५ मार्च ही उजळणीची फेरी. पुन्हा दारोदार जायचं आणि विचारायचं, मधल्या दिवसांत कोणी जन्मलं का, कोणी वारलं का, कोणी नवीन आलं का. हिशेबाची वेळ २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतो ती मध्यरात्र. त्या क्षणी जो आहे तो आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे घरोघरी ऐकलेलं गुप्त ठेवायचं असतं, आणि आमचा गाव एवढा लहान की नाव सांगितलं तर उरलेलं सगळं कोणीही ओळखेल. पेडणे तालुक्यातला, एवढं पुरे. मी तेव्हा तिथल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पट एकोणीस.

माझ्या गटाचे, म्हणजे मला मोजायला दिलेल्या वस्तीचे, सरळ दोन तुकडे पडत. वर चिऱ्याची मोठी जुनी घरं, पुढे तुळस, मागे काजूची भाटं. खाली रस्त्यालगत भाड्याच्या खोल्या. नजरी नकाशात पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण काढायचा, त्यामुळे कागदावर वरचा वाडा चौकोनांनी गच्च भरलेला दिसायचा. त्या सव्वीस चौकोनांपैकी नऊ घरांना कुलूप होतं, हे आदल्या वर्षी घरयादी करतानाच कळलं होतं. कुलपाचेही दोन प्रकार. माणसं राहतात पण सध्या बाहेरगावी गेलीत, ते घर बंद. कोणी राहतच नाही, ते रिकामं. दारात उभं राहून हे ओळखायचं कसं? मी तुळशीकडे बघायचे. माती ओली असली तर घर बंद, तुळशीची नुसती काडी उरली असली तर रिकामं. दोनदा फसले. शेजारीण येऊन पाणी घालून जात होती आणि घरची माणसं पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन चार वर्षं झाली होती. (१९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना तो मिळू शकतो. पूर्वी मुंबई गाठायचे, आता लिस्बनमार्गे आणखी पुढे जातात.) पुढे आकडे आले तेव्हा अख्ख्या गोव्यातलं साधारण दर पाचवं घर रिकामं निघालं. त्यात दिल्ली-मुंबईवाल्यांचे सुट्टीपुरते घेतलेले फ्लॅटही आले, पण आमच्या वाड्यात फ्लॅट एकही नव्हता.

वरच्या वाड्यावरच्या काकींच्या घरी पहिल्यांदा गेले ती १२ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी. सोप्यावर पाय पसरून त्या चिंच सोलत बसल्या होत्या. पुढ्यात सुपात चिंचोके, पदराला चिंचेचे डाग, हात कोपरापर्यंत चिकट. वय अठ्ठ्याहत्तर. मला बसायला पाट दिला आणि हात धुवायला न उठता म्हणाल्या, "बरय गे बाय. पांच जाणां." लिही गं बाई, पाच जण.

पाच कोण? तर त्या स्वतः, थोरला मुलगा, सून, नातू आणि धाकटा. थोरला डोंबिवलीला, पंधरा वर्षं झाली. सून, नातू तिथंच. धाकटा तारवटी. बोटीवर स्वयंपाकी, आठ-नऊ महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी. म्हणजे त्या दुपारी त्या घरात माणूस एक आणि चिंचा दोन पोती.

मी नियम सांगितला. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. आणि या वीस दिवसांत जो एकदाही घरी आला नाही, येणारही नाही, त्याला इथं लिहायचं नाही.

"म्हज्याच चुलीर जेवतात," काकी म्हणाल्या.

"कधी?"

"चवथीक."

मला हसू आलं, त्यांना नाही. "चवथीक ये आनी मेज," असं म्हणून त्यांनी चिंचेची पुढची शेंग हातात घेतली. चवथीला ये, मग मोज. आता विचार करते तेव्हा वाटतं, गणेश चतुर्थीच्या पाच दिवसांत जनगणना घेतली असती तर गोव्याच्या निम्म्या वाड्यांचे आकडे बदलले असते, आणि मुंबई-ठाण्याचेही. पण खाल्लेल्या मोदकांवरून रहिवासी ठरत नाही. मी काकींना एकट्याच लिहिलं. अर्ज यंत्र वाचणार म्हणून आकडा चौकटीला न टेकवता काढायचा असायचा. एकूण माणसं: १. चौकटीच्या मधोमध ती एक रेघ. काकींना वाचता येत होतं. त्यांनी डोकावून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला दोन दिवस पुरलं.

जन्मस्थळाचा रकाना आला. "सावंतवाडी संस्थान," त्या म्हणाल्या. मी सिंधुदुर्ग जिल्हा लिहिलं. तो जिल्हाच मुळी १९८१ चा. तेरेखोल नदी होडीतून ओलांडून किरणपाणीला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. या काठावर पोर्तुगीज शिपाई बसलेला. त्यानं म्हणे लग्नातली ट्रंक उघडून दोन लुगडी उलगडून पाहिली. स्थलांतराचं कारण? रकान्यात पर्याय होते: काम, धंदा, शिक्षण, लग्न वगैरे. लग्न. बाहेरून आलेली माणसं म्हटलं की आपल्यापुढे बांधकामावरचे मजूर येतात, पण जनगणनेच्या हिशेबात या देशात सगळ्यांत जास्त हलतात त्या लग्न होऊन सासरी जाणाऱ्या बायका. माझ्या गटात वरच्या वाड्यावरची जवळजवळ प्रत्येक सासुरवाशीण भायली, म्हणजे बाहेरचीच होती. तिला भायली कोण म्हणणार!

मातृभाषा विचारल्यावर त्या पहिल्यांदाच थबकल्या. बोलणं सगळं कोकणीत, पण देवापुढे हरिपाठ मराठी, पेपर मराठी, भजन मराठी. "मराठी बरय," म्हणाल्या. सांगणारा सांगेल तेच लिहायचं, एवढाच नियम. त्या गणनेत गोव्यात ६६ टक्के लोकांनी कोकणी सांगितली आणि जवळपास ११ टक्क्यांनी मराठी. त्या ११ टक्क्यांत घाटावरून आलेले किती आणि काकींसारखे किती, हे आकडा बघून कळत नाही. यावर गोव्यात आयुष्यभर भांडता येतं, म्हणून पुढे जाते.

खालच्या खोल्यांवर दिवसा कोणी सापडायचं नाही. रात्री नऊनंतर जावं लागे. चौदा खोल्या, एक नळ. मालक आमच्याच गावचे, ओळखीचे. फाटकातच गाठून म्हणाले, "बाई, भायल्यांना कशाला मोजता? उद्या रेशनकार्ड मागतील." खरी भीती दुसरीच होती. पंचायतीला त्यांनी सहाच खोल्या दाखवल्या होत्या. मी म्हटलं, मोजणीचा आणि घरपट्टीचा संबंध नाही. त्यांना पटलं नसावं, पण बाजूला झाले.

सातव्या खोलीत अकरा जण होते, सगळे झारखंडचे, फरशी बसवणारे. एकच मोठं पातेलं, त्यात भात. एक चूल, म्हणून अकरा जणांचं ते एक कुटुंब, नात्यानं कोणी कोणाचा नाही. कुटुंबप्रमुख कोण विचारलं तर सगळ्यांनी भात ढवळणाऱ्याकडे बोट दाखवलं. तोही लाजला. नवव्या खोलीत बागलकोटचा गवंडी, बायको आणि मुलगी. ही मुलगी माझ्याच पहिलीच्या वर्गातली. मी कन्नडमध्ये अडले की ती आईला विचारून मला मराठीत सांगायची, आणि बाईंना आपण काही शिकवतो आहोत याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. शाळेच्या एकोणीस मुलांपैकी अकरा याच खोल्यांतली. वरच्या वाड्यातलं एक. या लोकांना मोजायचं नसेल तर माझी शाळा त्याच दिवशी बंद करायला हवी होती, असं मालकांना सांगावंसं वाटलं. त्यांची स्वतःची नातवंडं म्हापशाला इंग्रजी शाळेत जात होती.

२८ च्या रात्री बेघरांची मोजणी. बाजाराच्या शेडखाली तीन माणसं मिळाली. त्यांतल्या एकानं झोपेतच नाव सांगितलं.

आणि २ मार्चला मी काकींच्या अंगणात पोचले तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या आणि चार माणसं खाली माना घालून बसलेली. तुळशीला शिवरात्रीचा दिवा नव्हता. काकी २५ तारखेला, शुक्रवारी पहाटे गेल्या होत्या. मी खालच्या खोल्यांत रात्री फिरत होते आणि दिवसा शाळेत, त्यामुळे त्याच गावात असून मला पत्ता नव्हता. याची लाज अजून वाटते.

थोरला त्याच रात्री डोंबिवलीहून बायको-मुलासह पोचला होता, अग्नी त्यानं दिला. धाकट्याची बोट तेव्हा परदेशी बंदरात होती. तो रविवारी, २७ ला घरी आला, आईला न बघता.

मला परत फिरायचं होतं. थोरल्यानंच पिशवी बघून विचारलं, "जनगणना ना? करून टाका. आमची तिकडे झालीय." म्हणजे त्याला, सुनेला, नातवाला इथं लिहायचा प्रश्न नव्हता. ते ठाणे जिल्ह्यात मोजले गेले होते. तो जिल्हा त्या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढून १,१०,६०,१४८ वर गेला, काकींचं माहेर असलेला सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर घसरला. खुद्द मुंबई शहर जिल्हाही घटला, माणसं उपनगरांकडे आणि पुढे ठाण्याकडे सरकली. गोवा १३,४७,६६८ वरून १४,५८,५४५ झाला, ८.२३ टक्के, मुक्तीनंतरच्या कुठल्याही दशकापेक्षा कमी. आणि ही जी वाढ आहे तीत माझ्या सातव्या खोलीतल्या पातेल्याचा वाटा आहे. गोव्याच्या खेड्यांची लोकसंख्या तर ६,७७,०९१ वरून ५,५१,७३१ वर आली. वाचून वाटेल गावं ओस पडली. पण दहा वर्षांत २६ नवी 'जनगणना शहरं' ठरली. वस्ती ५,००० च्या वर, दाट, आणि पुरुषांपैकी पाऊण कामकरी शेतीबाहेरचे, की गाव कागदोपत्री शहर होतं, पंचायत तीच राहते. हे सगळं पुढच्या काही वर्षांत छापून आलं. त्या दिवशी माझ्यापुढे फक्त एक अर्ज होता.

मी काकींचा अर्ज काढला. मध्यरात्रीच्या हिशेबापूर्वी मृत्यू, म्हणजे नोंद काटायची. पट्टी लावून आडवी रेघ मारली. आता घर नंबर त्र्याहत्तरमध्ये माणसं शून्य.

मग धाकट्यानं विचारलं, "म्हाका खंय बरयतले?" मला कुठं लिहिणार?

त्याला कुठंच मोजलं नव्हतं. बोट म्हणजे काही राहण्याची जागा नव्हे. घर हेच, आणि तो २७ ला, म्हणजे मुदतीच्या आत, घरी आला होता. नियम अगदी त्याच्या बाजूनं होता. मी नवा अर्ज काढून त्याच्या डोक्याच्या मुंडणाकडे न बघता प्रश्न विचारत गेले. कुटुंबप्रमुखाशी नातं? स्वतः. जन्मस्थळ? इथंच. काम? स्वयंपाकी. एकूण माणसं: १. पुन्हा तीच रेघ, पुन्हा चौकटीच्या मधोमध. गोषवाऱ्यात मी पेन्सिलीनं ६०७ ही बेरीज लिहून ठेवली होती. ती खोडावी लागली नाही.

"आई पाच सांगत होती," मी न राहवून म्हटलं.

थोरला जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, तेराव्यानंतर आम्ही जाऊ, हा एप्रिलमध्ये बोटीवर जाईल. किल्ली शेजारच्या वहिनींकडे असेल, काही लागलं तर सांगा. तुळशीला पाणी घालायचंही त्यांनाच सांगितलंय.