होय, अजूनही टेपवरच

"क्लाउड आहे की, मग टेप कशाला?" कंपनीच्या डेटाची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, आम्ही अजूनही चुंबकीय टेपवर घेतो, म्हणून हे ऑडिटर विचारतात, नवे मॅनेजर विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणेसुद्धा विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

क्लाउडशी माझं वैर नाही. आमचा मेल तिथेच आहे, बॅकअपची एक प्रतही तिथे जाते. पण ॲडमिनचा पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर त्याला पुसता येणार नाही असं तुमच्याकडे काय उरतं? याचं उत्तर मला कुणी देत नाही.

जून 2017 मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मेर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क झोपवलं, तेव्हा न्हावा शेवाचं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कवर कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारे सर्व्हर, एकमेकांच्याच प्रती सांभाळत होते, त्यामुळे सगळे एकदम गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण नेमकी तिथली वीज गेली होती. पुढे त्यांनी 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे केले.

तेव्हा मी चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात होतो. काही वर्षांनी आमच्यावरही तीच वेळ आली. रात्रपाळीत डिस्पॅचवरून फोन आला, चलन निघत नाहीये. पोचलो तर प्रत्येक स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. शॅडो कॉपी, म्हणजे विंडोज स्वतःच ठेवतं त्या जुन्या प्रती, पुसलेल्या. बॅकअप सर्व्हर त्याच डोमेनमध्ये, म्हणजे त्याच लॉगिन व्यवस्थेत, म्हणून तोही गेलेला. नॅसवरचे (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवरचे) स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या प्रती, ॲडमिनच्याच पासवर्डने उडवलेले. क्लाउडवर सिंक होतं, पण जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय घेतलेली नव्हती, त्यामुळे तिथेही कुलूपबंद फायलीच.

अकाउंट्सच्या लोखंडी कपाटात शुक्रवारची टेप होती.

टेपवर काय कुठे आहे याची यादी, म्हणजे कॅटलॉग, बॅकअप सर्व्हरबरोबरच गेला होता, म्हणजे आधी टेपची अख्खी कार्ट्रिज वाचून कॅटलॉग नव्याने बांधायचा आणि मग रिस्टोअर. टेपवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून राइट-प्रोटेक्टची कळ सरकवली, नेटवर्कची केबल काढलेल्या कोऱ्या सर्व्हरला टेप वाचणारा ड्राइव्ह जोडला. मालक खुर्ची ओढून शेजारी बसले. "किती वेळ लागेल?" मला सांगता येईना. महिनाअखेर होती, पगार व्हायचे होते, फाटकाबाहेर भरलेले ट्रक उभे होते. मध्येच ड्राइव्हने साफसफाई मागितली, तेव्हा मालकांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस उघडला. शुक्रवारनंतरचं काहीच त्यात नव्हतं. ते स्टोअरच्या मुलांनी गेटचं रजिस्टर आणि चलनाच्या कार्बन प्रती घेऊन हाताने भरलं.

तरी टेपचे भाट व्हा, असं मी म्हणणार नाही. ड्राइव्ह महाग आहे. एलटीओ या टेपच्या प्रकारात नवव्या पिढीचा (एलटीओ-9) ड्राइव्ह सातव्या पिढीची (एलटीओ-7) टेप वाचत नाही, म्हणजे जुना ड्राइव्हही जपून ठेवायचा. त्याच कारखान्यात टेप बंद करा अशी नोट मीच आधी लिहिली होती: टेप नेणारा माणूस रजेवर गेला तर प्रत बाहेर जाणारच नाही. तो मुद्दा अजूनही खरा आहे, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. आमच्यातले तरुण ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे क्लाउडवरची प्रत ठरावीक मुदतीसाठी कुलूपबंद करायची सोय, सुचवतात. त्याच्या कडक मोडमध्ये मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही काही पुसता येत नाही. हे मला पटतं. मग खातंच बंद पडलं तर, बिल थकलं तर, ही शंका येते आणि गाडी पुन्हा टेपवर येते.

यंदा दोन्हींची कोटेशनं मागवली आहेत. निर्णय होईपर्यंत शुक्रवारची टेप बाहेर जाईल, आणि ती कोण नेणार हे मी गुरुवारीच विचारून ठेवीन.