१२ लाख युनिटची व्हायल: परळ ते प्रिन्सेस स्ट्रीट

लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपेला इजा झालेल्या मुलांना दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. वर्षाला १७-१८ मात्रा, आणि हे पाच-दहा वर्षं, काहींना चाळिशीपर्यंतही. औषध जुनं, स्वस्त आणि या कामासाठी सगळ्यात भरवशाचं. तरीही तालुक्याच्या गावी 'शॉर्ट आहे' हे उत्तर इतक्यांदा मिळतं की शेवटी मुंबईची फेरी करावी लागते. दादरला उतरून संध्याकाळी परतता येईल अशी ही एका दिवसाची फेरी. तिचा मार्ग आणि कुठे काय अडतं, ते पुढे दिलं आहे.

निघण्याआधी चिठ्ठी नीट करून घ्या. बऱ्याच फेऱ्या चिठ्ठीपायीच फुकट जातात. चिठ्ठीवर फक्त 'पेनिड्युर' असं ब्रँडचं नाव असेल तर दुकानदाराला दुसऱ्या कंपनीचं तेच औषध परस्पर बदलून देता येत नाही. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांची सरकारी यादी, तिच्यातल्या औषधांना नियमच तसा आहे. म्हणून डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून घ्या: बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, स्नायूत, दर २१ दिवसांनी. साधारण २७ ते ३० किलोंखालच्या मुलांना ६ लाखांची मात्रा असते, तीही आकड्यात स्पष्ट हवी. तारीख ताजी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का चिठ्ठीवर असू द्या. कार्डिऑलॉजीच्या जुन्या कागदाची एक झेरॉक्स सोबत ठेवा. अनोळखी दुकानदाराला औषध कशासाठी हवं ते त्यावरून लगेच कळतं आणि तो मनापासून शोधतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर औषधाचं मूळ नाव टाकून कोणकोणत्या ब्रँडची नोंद आहे ते पाहा आणि ती नावं कागदावर उतरवून घ्या. ॲपवर नाव दिसलं म्हणजे माल बाजारात आहे असं नव्हे. पण काउंटरवर 'पेनिड्युर नाही' म्हटलं गेलं की लगेच 'मग पेनकॉम पाहता का?' असं विचारता येतं. दुकानातल्या संगणकावर मुलगा ब्रँडच्याच नावाने शोधतो. यादी शून्य दाखवते, तो मान हलवतो, आणि बाजूच्या कप्प्यात दुसऱ्या नावाने तेच औषध पडून असतं.

दादरहून मध्य रेल्वेच्या स्लो लोकलने परळ हे पुढचंच स्टेशन. पूर्वेला बाहेर पडून चालत गेलं की केईएम, टाटा आणि वाडिया ही तिन्ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. त्यांच्या आसपासच्या औषध दुकानांत गर्दी फार. तिथे सकाळी ओपीडी सुटण्याआधी पोचावं, म्हणजे काउंटरवरचा माणूस दोन मिनिटं बोलायला मोकळा असतो. पेशंट केईएम किंवा वाडियाचा असेल तर आधी रुग्णालयाच्याच औषध खिडकीवर विचारा. बाहेरचा असेल तरी ओपीडीत नवा केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवता येतं. त्यात अर्धा दिवस जातो, पण पुढच्या वर्षभराची सोय लागू शकते.

इथल्या काउंटरवर एक घोळ हमखास होतो आणि तो धोक्याचा आहे. 'पेनिसिलिन आहे ना, हे घ्या' म्हणून बेंझिल पेनिसिलिन पुढे केलं जातं. नाव सारखं, पावडरही पांढरीच. पण बेंझिल पेनिसिलिन काही तासांत शरीराबाहेर पडतं, तर बेंझाथिन स्नायूतून हळूहळू विरघळत तीन आठवडे पुरतं. एकाच्या जागी दुसरं घेतलं तर मूल २१ पैकी जवळजवळ सगळे दिवस संरक्षणाविना राहतं, आणि घरच्यांना वाटतं की इंजेक्शन झालं. फोर्टिफाइड प्रोकेन पेनिसिलिनही वेगळं, तेही चालत नाही. व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, हातात घेऊन लेबलवरचं 'बेंझाथिन' हे अक्षरन् अक्षर वाचा, मगच पैसे द्या.

आकड्याचाही घोळ होतो. १२ लाख नसेल तर २४ लाखांची व्हायल मिळते. ती कालवून अर्धी आज आणि अर्धी तीन आठवड्यांनी, असं करता येत नाही. पाणी घातलेलं औषध तेव्हाच वापरायचं असतं, उरलेलं टाकून द्यायचं. ६ लाखांच्या दोन व्हायल मिळून १२ लाख होतात, पण तेही डॉक्टरांना फोन करून विचारल्यावरच.

परळला नाही मिळालं तर स्टेशनवर परत या. परळ आणि प्रभादेवी ही स्टेशनं पादचारी पुलाने जोडलेली आहेत. प्रभादेवीहून पश्चिम रेल्वेची चर्चगेट स्लो घेऊन मरीन लाइन्सला उतरा आणि पूर्वेला बाहेर पडा. शामलदास गांधी मार्ग असं विचारण्यापेक्षा प्रिन्सेस स्ट्रीट विचारा, कोणीही दाखवेल. हा औषधांचा घाऊक बाजार. रविवारी इथे यायचं नाही, सणाच्या आदल्या-नंतरच्या दिवशीही नाही.

इथे पहिला प्रश्न औषधाचा नको. 'रिटेल देता का?' हे आधी विचारा. घाऊक परवान्यावर पेशंटला थेट विक्री करता येत नाही, त्यामुळे काही ठिकाणी माल समोर असूनही नकार येतो. त्यावर वाद घालू नये. 'तुमचा माल कोणत्या रिटेलवाल्याकडे जातो?' असं विचारलं की बहुतेक वेळा शेजारच्याच दुकानाचं नाव मिळतं. बिल घ्याच, आणि त्यावर बॅच नंबर व एक्सपायरी आहे का ते पाहा. बिलाशिवाय कोणी जास्त दराने देऊ केलं तर घेऊ नका. टंचाईतल्या औषधातच बनावट माल शिरतो.

किती घ्यावं? दोन, फार तर तीन मात्रा. जास्त साठवलं तर एक्सपायरी गाठते आणि दुसऱ्या मुलाची मात्रा आपल्या कपाटात अडकते. कोरडी पावडर लेबलवर सांगितलेल्या तापमानाखाली, बहुधा २५ किंवा ३० अंश सेल्सिअस, ठेवायची. मे महिन्यात एसटीच्या टपावर किंवा डिकीत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

या टंचाईचं मूळ दुकानदारात नाही. कच्चा माल बनवणारे जगात मोजकेच, नफा नगण्य, आणि दरावर सरकारी मर्यादा. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिन देशात व्हावं म्हणूनच. त्याच पिंपरीच्या आसपासच्या दुकानांतही आज ही व्हायल शोधावी लागते, याचं वाईट वाटतं.

औषध मिळालं म्हणजे काम झालं असं समजू नका. ॲलर्जीच्या भीतीने अनेक छोटे दवाखाने हे इंजेक्शन द्यायला तयार नसतात. म्हणून औषध आणण्याआधीच टोचणारी जागा पक्की करा: ग्रामीण रुग्णालय किंवा ॲड्रेनालीन (तीव्र ॲलर्जी आली तर लगेच द्यायचं औषध) तयार ठेवणारं नर्सिंग होम. तिथल्या पद्धतीप्रमाणे टेस्ट डोस होईल, आणि नंतर किमान अर्धा तास तिथेच बसायचं. हे इंजेक्शन फक्त स्नायूत द्यायचं. शिरेत गेलं तर जीवावर बेततं. कालवलेलं औषध दाट असतं, त्यामुळे सुई अडकते. २१ गेजच्या दोन-तीन सुया जास्तीच्या न्या, पाणी लेबलवर लिहिलंय तेवढंच घालायला सांगा आणि कालवल्यावर लगेच द्यायला सांगा. सुई अडकून अर्धं औषध व्हायलमध्ये राहिलं, तर एवढी फेरी वाया जाते.

शोध तारखेच्या दहा दिवस आधी सुरू करा. तोवर गावच्या दुकानदाराला मूळ नाव, मात्रा आणि तुमच्या पुढच्या तीन तारखा लिहून द्या, थोडा ॲडव्हान्सही द्या. ठरलेला गिऱ्हाईक आहे असं दिसलं की तो स्टॉकिस्टकडे मागणी लावून धरतो. दहा दिवसांत कुठेच मिळालं नाही तर २१वा दिवस उलटू न देता डॉक्टरांना फोन करा. मधल्या काळासाठी रोज दोनदा घ्यायच्या पेनिसिलिनच्या गोळ्या ते सुरू करू शकतात. त्या एक दिवसही चुकवायच्या नसतात. आणि ज्या ज्या दुकानात नाही म्हणाले त्यांची नावं-तारखा टिपून अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या क्रमांकावर कळवा.