कोकरांचा हंगाम आणि बिळाजवळची कायोटीची जोडी : माझा अनुभव

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात कायोटी (कोल्ह्यासारखा दिसणारा रानटी प्राणी) मारायला परवाना लागत नाही, हंगामाचं बंधन नाही, किती मारायचे याची मर्यादाही नाही. कायद्यानं त्याला उपद्रवी भक्षकांच्या यादीत टाकलंय. (अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी एक सांगून ठेवते: वैध शिकारी परवान्यासारखा अपवाद नसेल तर तुम्हाला बंदूक जवळ बाळगणंच बेकायदेशीर आहे. कायोटीला परवाना लागत नाही, या भरवशावर राहू नका.) कायदा अडवत नाही म्हणून इथे बरेच जण दिसेल त्या कायोटीवर गोळी झाडतात. एप्रिल ते जूनमध्ये हे करणं मला मुळीच पटत नाही.

मी शिरवळला पशुवैद्यकीय शिकले. आता जॉन्सन काउंटीत, बिगहॉर्न डोंगरांच्या पूर्वेला, मेंढ्यांच्या रँचवर काम करते. मे महिन्यात एका रँचच्या मालकीणबाईंचा फोन आला. सकाळी कळप मोजला की कोकरू कमी भरायचं. कायोटीवरच संशय होता, पण कायोटीनं खाल्लं म्हणजे त्यानंच मारलं असं नसतं. थंडीनं किंवा आजारानं मेलेलं कोकरूही तो खातो. म्हणून आधी सोलून पाहायचं.

बाहेरून लोकरीत काहीच कळत नव्हतं. जबड्यामागे गळ्याला चीर देऊन कातडं मागे ओढलं, तेव्हा सुळ्यांची भोकं दिसली. वरच्या दोन सुळ्यांत साधारण 3 सेंटीमीटर अंतर. भोकांभोवती काळंजांभळं रक्त साकळलेलं, श्वासनळीत फेस. रक्त असं साकळलं म्हणजे चावा बसला तेव्हा कोकरू जिवंत होतं. मेल्यावर चावलं असतं तर तिथलं मांस फिकं राहिलं असतं. पोट फाडून दुधानं भरलेलं जठर खाल्लेलं होतं. शंका उरली नाही.

ही वेळ अशी का, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. कायोटीचा समागम जानेवारी ते मार्चमध्ये होतो, गर्भकाळ सुमारे 63 दिवस, म्हणजे पिल्लं एप्रिल-मेमध्ये. तीन आठवड्यांची झाली की ती बिळाबाहेर येतात आणि आई-बाप दोघंही मांस खाऊन येऊन त्यांच्यापुढे ओकतात. एरवी उंदीर-सशांवर भागणाऱ्या जोडीला अचानक इतकी तोंडं भरायची असतात आणि कोकरू हा सर्वांत सोपा घास. कॅलिफोर्नियात हॉपलँडच्या संशोधन केंद्रावर रेडिओ कॉलर लावून पाहिलं, तेव्हा मेंढ्या मारणारे बहुतेक त्या हद्दीतले प्रजनन करणारे नर-मादीच निघाले. खुद्द वायोमिंगमधला 1983 सालचा अभ्यास तर सांगतो की नुसती पिल्लं काढली तरी मेंढ्यांवरचे हल्ले बहुतांशी थांबतात. म्हणजे शोधायची ती एक जोडी आणि तिचं बीळ. दहा मैलांवरचा कायोटी मारून कोकरू वाचत नाही.

काउंटीच्या भक्षक नियंत्रण मंडळाकडून एक जुने-जाणते ट्रॅपर, म्हणजे भक्षक पकडणारे-मारणारे, आले. शेजारच्या जमीनमालकाची परवानगी मालकीणबाईंनी आधीच घेतली होती. दिवस मावळताना ट्रॅपरनी दोन वेगवेगळ्या टेकाडांवरून तोंडानंच कायोटीची हाळी दिली. दोन्ही वेळा उत्तर आलं. दोन्ही दिशांच्या रेषा नकाशावर जिथे छेदल्या, तिथे एक कोरडी घळ होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आम्ही समोरच्या धारेवर दुर्बिणी घेऊन बसलो, वारा तोंडावर घेऊन. शिकारीला निघालेला कायोटी नागमोडी जातो, प्रत्येक झुडूप हुंगतो. बिळाकडे परतणारा मात्र पोट भरून सरळ रेषेत धावतो. सूर्य वर येता येता तसा एक सेजब्रशच्या झुडपांमधून सरळ घळीत उतरला.

मला वाटलं होतं, आता बिळाकडे जायचं. ट्रॅपरनी हाताला धरून बसवलं. माणसाचा वास लागला की मादी त्याच रात्री पिल्लं हलवते. तिची दुसरी बिळं तयार असतात. मग पुन्हा पहिल्यापासून शोध. बिळाजवळ जायचं ते काम पुरं करण्याच्या तयारीनंच, नाहीतर आल्या वाटेनं परत फिरायचं.

त्यांचा खरा भरवसा होता तो कुत्र्यावर. ‘कर’ (cur) नावाच्या शिकारी जातीचा, अंगानं शिडशिडीत. पिल्लं असताना कायोटी माणसापासून पळतो, पण बिळाजवळ आलेल्या कुत्र्याला हाकलल्याशिवाय राहत नाही. आम्ही घळीपासून सुमारे तीनशे मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन बसलो. कायोटी फेरा मारून वाऱ्याखालून वास घ्यायला येतो, म्हणून वाऱ्याखालची बाजू मोकळी, नजरेत राहील अशी ठेवली. कुत्रा पुढे गेला आणि घळीच्या काठावरून भुंकणं सुरू झालं. तुटक भुंकणं आणि शेवटी चिरका सूर. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. नेहमीच्या कोल्हेकुईशी त्याचा काही संबंध नाही, ही सरळ धमकी असते. नर उजवीकडे उघड्यावर येऊन भुंकत भुंकत लांब चालला होता. नवखा माणूस त्याच्या मागे जातो. तो आपल्याला बिळापासून लांब नेत असतो, म्हणून पाहायचं ते त्याच्या उलट दिशेला.

मादी तिथूनच निघाली आणि कुत्र्यावर धावली. कुत्रा शिकवल्याप्रमाणे आमच्याकडे पळत आला, ती त्याच्या मागे. साठेक मीटरवर ती वळून आमच्याकडे कूस करून उभी राहिली, मागे मातीचा उतार होता, तेव्हा ट्रॅपरनी गोळी झाडली. धारेवर आभाळाच्या बाजूला असती तर झाडली नसती, कारण चुकलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. त्यानंतर कोणी उठलं नाही. त्यांनी पिल्लाच्या किंकाळीचा आवाज लावला आणि नर माघारी वळला. तोही पडला.

मादीच्या आचळांत दूध होतं. बीळ म्हणजे बॅजर या बिळं खणणाऱ्या प्राण्याचं जुनं भोक रुंद केलेलं, दक्षिणेच्या उतारावर. तोंडाशी माती तुडवून गुळगुळीत झालेली, हाडं आणि लोकरीचे पुंजके. आत पिल्लांची कुरकुर. इथे थांबून घरी जाणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला चीड आहे. आई-बाप मारून पिल्लं तशीच सोडली तर ती उपाशी तडफडून मरतात. ट्रॅपरनी बिळात गॅसची कांडी पेटवून ठेवली आणि तोंड मातीनं बंद केलं. कोळसा आणि सोडियम नायट्रेट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो, आधी शुद्ध जाते. हे काम प्रशिक्षित माणसाचंच. मी डॉक्टर म्हणून तिथे उभी राहिले आणि आवाज थांबेपर्यंत हलले नाही. मला ते जड गेलं, पण जे करायचं ठरवलं होतं त्याचाच तो भाग होता. हातमोजे मात्र अखेरपर्यंत काढले नाहीत. कायोटीच्या पिसवांतून इकडे प्लेगही येऊ शकतो.

कोकरं जायची थांबली. पण मोकळी झालेली हद्द रिकामी राहत नाही, दुसरी जोडी येतेच, हे मी मालकीणबाईंना त्याच दिवशी सांगितलं. माणदेशात धनगर रात्री मेंढ्या वाघरीत कोंडतात आणि कुत्रे भोवती ठेवतात. इथे कळप मोठे आणि कुरणं अफाट, पण विलेल्या मेंढ्या पहिले काही आठवडे रात्री तरी कुंपणात घेता येतात. त्यांनी ते केलं आणि ग्रेट पिरेनीज या राखणीच्या जातीचे दोन कुत्रे पिल्लं असतानाच आणून मेंढ्यांत वाढवले. शरद ऋतूत त्याच घळीत नवी जोडी दिसली. ट्रॅपर म्हणाले, ही मेंढ्यांना हात लावत नसेल तर राहू द्या, ती दुसऱ्यांना आत येऊ देणार नाही. मालकीणबाईंनी ते ऐकलं. येत्या मेमध्ये कोकरू मेलं तर पुन्हा आधी कातडं सोलून पाहायचं, असं आमचं ठरलंय.