फणसाखालचं पेव

घरामागच्या फणसाखाली काही म्हणता काही टिकत नव्हतं. जास्वंद उजेडाच्या ओढीने नुसती लांबत गेली, मोगऱ्याला कळीच धरेना. शेवटी म्हटलं, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी दाट सावलीत आपणहून माजतं ते पेवच (आल्यासारखं गड्ड्यांचं रानझाड) आणून लावू.

मिरगाच्या आधी शेजारच्या काकांच्या आगरातून गड्डे काढून आणले. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवले आणि चार बोटं खोल, आडवे पुरले. पेवाला ओल हवी, पण साचलेलं पाणी चालत नाही, गड्डा कुजतो. आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात पागोळ्यांचं पाणी. म्हणून गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, उंच वरंबा केला, शेणखत घातलं आणि वर पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, जाड थर दिला.

खरी लढाई पातेऱ्यावरूनच झाली. सासूबाईंना परसू झाडून लख्ख लागतं. "अगो, त्यात जनावर येऊन बसलं तर?" सापाची भीती खोटी नव्हती. मग तडजोड झाली: मागच्या दारापासून विहिरीपर्यंत झाडायचं, गडग्याकडे केरसुणी न्यायची नाही.

कोंब आले ते लालसर. दांड्यावर पानं जिन्यासारखी वळत वर चढतात आणि खालून मऊ, लवदार लागतात. दिसायला आल्या-हळदीचं भावंड, पण पान चुरगळलं तरी तो वास नाही. (नर्सरीत 'इन्सुलिनचं झाड' म्हणून मिळतं ते नारिंगी फुलांचं, वेगळं. तेच हे समजून पानं चावत बसू नका.)

पहिल्या वर्षी फूल नाही. सावली फारच गच्च होती, म्हणून फणसाची एक खालची फांदी उतरवली. पुढच्या श्रावणात लाल बोंडांतून पांढरी, चुरगळल्या कागदासारखी फुलं आली, गळ्यात पिवळी झाक. एक फूल एकच दिवस टिकतं. लाल सालींवर मुंग्यांची रीघ असते. तिथे मध पाझरतो, त्यांना फवारा मारू नये.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात आणि थंडी सरेपर्यंत दांडे वाळून जातात. तेव्हा पाणी पूर्ण बंद. गड्डा जमिनीत शाबूत असतो, पाऊस लागला की पुन्हा फुटतो. बेट वाढवायचं तर मे अखेरीस गड्डे फोडावेत, नाहीतर पावसात हिरव्या दांड्याचे वीतभर तुकडे सावलीत ओल्या रेतीवर आडवे ठेवावेत. पेराशी कोंब येतात. माझे असे तुकडे आता न्हाणीच्या मागे लागलेत. तिथे सांडपाणी साचतं, म्हणून आधी चर काढून घेतला.